ऑलिव्हर एव्हान्स

ऑलिव्हर एव्हान्स (जन्म : १३ सप्टेंबर १७५५, न्यूपोर्ट, डेलावेअर; मृत्यू : १५ एप्रिल १८१९, न्यूयॉर्क) हे अमेरिकन संशोधक, अभियंते आणि कारखानदार होते. पाण्याच्या बळावर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीत धान्य आत येण्यापासून तयार पीठ बाहेर पडेपर्यंतची कामे मजुरांच्या हातांविना एकामागून एक होत राहतील, अशी यंत्रव्यवस्था त्यांनी १७८०च्या दशकात उभी केली. सलग उत्पादनप्रक्रियेच्या आरंभीच्या उदाहरणांत या गिरणीची गणना होते. तिच्यासाठी १७९० मध्ये त्यांना मिळालेले पेटंट हे अमेरिकेच्या संघीय शासनाने दिलेले तिसरे पेटंट होय. उच्च दाबाच्या वाफेच्या इंजिनाचे अमेरिकेतील आद्य निर्माते म्हणूनही ते ओळखले जातात.

एव्हान्स यांच्या गिरणीतील दळणारे दगड आणि पाणचाक ही शेकडो वर्षांपासून वापरात असलेली साधने होती. धान्य व पीठ उचलून नेणाऱ्या यंत्रांची मूळ रूपेही जुनीच होती. या जुन्या साधनांची नवी जुळणी हा आविष्कार मानावा की नाही, हा प्रश्न त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतरही न्यायालयांत लढवला गेला. अमेरिकेच्या पेटंट कायद्याच्या जडणघडणीत त्यांच्या खटल्यांना महत्त्वाचे स्थान आहे.

सुरुवातीचे जीवन

एव्हान्स यांचा जन्म तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतींपैकी एक असलेल्या डेलावेअरमधील न्यूपोर्ट या गावी झाला. त्यांचे वडील चार्ल्स एव्हान्स व्यवसायाने चर्मकार होते; आईचे नाव अ‍ॅन स्टालकप. ऑलिव्हर लहान असतानाच वडिलांनी न्यूपोर्टच्या उत्तरेला रेड क्ले क्रीक या ओढ्याकाठी शेतजमीन घेतली आणि कुटुंब तेथे राहू लागले. बारा भावंडांच्या या कुटुंबात ऑलिव्हर पाचवे होते.

वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांना गाड्या व चाके बनवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. शालेय शिक्षण बेताचे असले तरी वाचनाची त्यांना विलक्षण ओढ होती. मालक रात्री मेणबत्ती जाळू देत नसे, म्हणून कामावर साठलेल्या लाकडाच्या ढलप्या जाळून त्या उजेडात ते गणित आणि यंत्रशास्त्राची पुस्तके वाचत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. याच काळात, बंदुकीच्या नळीत पाणी कोंडून ती विस्तवात तापवली असता मोठा स्फोट होतो, हा लोहाराच्या मुलांचा खेळ त्यांच्या कानी आला. वाफेच्या या जोराचा उपयोग गाडी चालवण्यासाठी करता येईल, ही कल्पना तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिली.

उमेदवारी संपल्यावर त्यांनी लोकर पिंजण्याच्या फण्यांसाठी लागणारे तारेचे दात वळवून तोडणारे यंत्र तयार केले. हे दात तोपर्यंत हाताने केले जात. यंत्र यशस्वी झाले, परंतु एव्हान्स यांना त्यातून फारसा आर्थिक लाभ झाला नाही. १७८२ मध्ये त्यांनी एका भावासह मेरीलँडमधील टकाहो परिसरात दुकान थाटले. २२ एप्रिल १७८३ रोजी विल्मिंग्टन येथे सॅरा टॉमलिन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना सात अपत्ये झाली.

तत्कालीन पाणचक्की

एव्हान्स यांच्या कार्याचे स्वरूप समजण्यासाठी त्या काळची पाणचक्की कशी चालत असे, हे पाहणे आवश्यक ठरते. ओढा किंवा नदीवर बांध घालून पाणी पाटाने गिरणीपर्यंत आणले जाई. पाटाच्या तोंडाशी असलेली फळी उचलली की पाणी पाणचाकावर पडे. उतार पुरेसा असेल तेथे पाणी चाकाच्या माथ्यावर सोडत. चाकाच्या कडेच्या खणांत साठलेल्या पाण्याच्या वजनाने ते फिरे. उतार कमी असेल तेथे प्रवाह चाकाच्या खालच्या पात्यांवर आदळे. पहिल्या प्रकारात तेवढ्याच पाण्यातून अधिक काम मिळते, हे इंग्लंडमधील अभियंते जॉन स्मीटन यांनी १७५९ मध्ये प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले होते.

पाणचाकाचा आस आडवा आणि सावकाश फिरणारा असे. लाकडी दातेरी चाकांच्या साहाय्याने ती गती उभ्या आसाकडे वळवली जाई आणि वाढवली जाई. या उभ्या आसावर दळणाऱ्या दगडांपैकी वरचा दगड बसवलेला असे. पाच फूट व्यासाचा हा दगड मिनिटाला सुमारे १०० फेरे घेई. खालचा दगड स्थिर असे. रचनेचे तत्त्व घरगुती जात्याचेच होते. फरक आकाराचा, वेगाचा आणि खुंटा धरणाऱ्या हाताच्या जागी आलेल्या पाण्याचा होता.

दगडांच्या वर नरसाळ्याच्या आकाराची धान्याची पेटी असे. तिच्या तळाशी असलेल्या तिरप्या पन्हळीला फिरत्या आसाशी जोडलेला चौकोनी दांडा सतत ठोके देई आणि त्या हादऱ्याने धान्याची बारीक धार दगडाच्या मधल्या भोकात पडत राही. दगड जलद फिरला की ठोकेही जलद पडत, त्यामुळे वेगाच्या प्रमाणात वैरण आपोआप कमी-जास्त होई. दोन्ही दगडांच्या तोंडावर केंद्राकडून कडेकडे जाणाऱ्या चऱ्या कोरलेल्या असत. वरच्या व खालच्या चऱ्या एकमेकींवरून सरकताना कात्रीप्रमाणे दाणा कापत, आणि पीठ चऱ्यांमधून कडेला बाहेर पडे. दगड एकमेकांना टेकणार नाहीत पण दाणा सुटणारही नाही, एवढेच अंतर राखणे हे गिरणीवाल्याचे खरे कसब होते. अंतर फार कमी झाले की पीठ करपे. जास्त झाले की भरड निघे. चऱ्या झिजल्या की वरचा दगड उचलून उलटा करावा लागे आणि टाकी लावून चऱ्या पुन्हा धारदार कराव्या लागत. गव्हासाठी फ्रान्समधून आणलेला कठीण, सच्छिद्र दगड सर्वोत्तम समजला जाई.

दळण्याचे काम अशा प्रकारे पाण्यावर होत असले तरी त्याच्या आधीची आणि नंतरची जवळजवळ सर्व कामे माणसे करत. धान्याची पोती पाठीवर घेऊन, किंवा दोराने ओढून, वरच्या मजल्यावर नेली जात. दगडांतून बाहेर पडलेले पीठ गरम आणि दमट असे. ते फावड्याने टोपल्यांत भरून पुन्हा माडीवर चढवावे लागे. तेथे ते जमिनीवर पसरून एक मुलगा दंताळ्याने खालीवर करत राही, म्हणजे ते थंड व कोरडे होई. नंतर ते चाळणीच्या तोंडाशी लोटले जाई. गरम पीठ तसेच चाळले तर चाळणीचे कापड चिकटून बंद होई, आणि तसेच पिंपात भरले तर ते लवकर आंबे. या सर्व चढउतारात पीठ सांडे, त्यात धूळ व कचरा मिसळे आणि कामगारांचे पाय त्यावरूनच फिरत. मध्यम आकाराच्या गिरणीलाही अनेक मजूर लागत.

रेड क्ले क्रीकवरील गिरणी

एव्हान्स यांनी जॉन व थिओफिलस या आपल्या भावांसह रेड क्ले क्रीकवर गिरणी उभारली. १७८५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिची रचना रूढ पद्धतीचीच होती. नंतरच्या काही वर्षांत एव्हान्स यांनी तिच्यात एकेक यंत्र बसवत नेले. दगड फिरवणाऱ्या पाण्याकडूनच उचलण्याचे, वाहून नेण्याचे, पसरण्याचे आणि लोटण्याचे कामही करून घ्यावे, ही त्यांची मूळ कल्पना होती. त्यासाठी त्यांनी पाच यंत्रे योजली.

पहिले यंत्र एलेव्हेटर. दोन चाकांवरून फिरणाऱ्या चामड्याच्या अखंड पट्ट्यावर लहान लहान डबे ठरावीक अंतरावर बसवलेले असत. खालच्या बाजूला ते धान्यात किंवा पिठात बुडून भरत आणि माथ्यावर पोहोचल्यावर उलटे होऊन रिकामे होत. विहिरीतून पाणी काढणाऱ्या रहाटगाडग्याशी त्याचे साम्य स्पष्ट आहे. मात्र पाण्याऐवजी कोरडा माल चढवायचा असल्याने डब्यांचा आकार, पट्ट्याचा वेग आणि माल पडण्याची जागा यांचा मेळ नव्याने बसवावा लागला.

दुसरे यंत्र कन्व्हेयर. लाकडी नळीसारख्या आडव्या खोक्यात मळसूत्राच्या आकारात पाती बसवलेला आस फिरे आणि धान्य किंवा पीठ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाई. पाणी उपसण्यासाठी प्राचीन काळापासून वापरल्या जाणाऱ्या आर्किमिडीजच्या स्क्रूचे हे आडवे रूप होते. तिसरे, ड्रिल, म्हणजे लाकडी फळ्या बसवलेला अखंड पट्टा. तो माल घासत पुढे नेई. चौथे, डिसेंडर, हा उतरता रुंद पट्टा होता. त्यावर पडलेल्या पिठाच्या वजनानेच तो फिरे.

पाचवे यंत्र हॉपर-बॉय हे या संचातील सर्वांत कल्पक मानले जाते. पीठ पसरणाऱ्या मुलाचेच नाव त्याला मिळाले. माडीवर उभ्या आसाभोवती सावकाश फिरणारा लांब आडवा दांडा आणि त्याच्या खालच्या बाजूला तिरप्या बसवलेल्या लहान फळ्या, अशी त्याची रचना होती. कडेला पडलेले गरम पीठ तो गोलाकार पसरत जाई, खालीवर करी आणि प्रत्येक फेऱ्यात थोडे थोडे केंद्राकडे ओढी. मध्यभागी पोहोचेपर्यंत पीठ थंड झालेले असे आणि तेथील भोकातून ते थेट चाळणीत उतरे. दांड्याचे वजन प्रतिभाराने तोललेले असल्याने पिठाचा थर जाड-पातळ झाला तरी दांडा त्याप्रमाणे वरखाली होई.

या यंत्रांची एकत्रित साखळी अशी होती : गाडीतून किंवा होडीतून आलेले धान्य एलेव्हेटरने माथ्यावर चढे, स्वच्छ होऊन दगडांत उतरे, दळलेले पीठ दुसऱ्या एलेव्हेटरने माडीवर जाई, हॉपर-बॉय ते थंड करी, चाळणी कोंडा वेगळा करी आणि अखेरीस पीठ भरण्याच्या जागी पोहोचे. मजुरांकडे देखरेख, दगडांना टाकी लावणे आणि पिंपे बंद करणे एवढीच कामे उरली. पीठ अधिक स्वच्छ निघू लागले आणि वाया जाण्याचे प्रमाण घटले.

ही व्यवस्था सर्व गिरण्यांना सारखी उपयुक्त नव्हती. गावोगावचे शेतकरी आपापले दळण आणत आणि मजुरी म्हणून धान्याचा ठरावीक हिस्सा देत, अशा लहान गिरण्यांत सलग यंत्रसाखळीमुळे एकाचे धान्य दुसऱ्याच्या धान्यात मिसळण्याची अडचण होती. स्वतः गहू खरेदी करून पीठ दूरच्या बाजारात विकणाऱ्या व्यापारी गिरण्यांना मात्र ती अत्यंत फायद्याची ठरली.

गिरणीवाल्यांचा प्रतिसाद

विल्मिंग्टनजवळील ब्रँडीवाइन ओढ्यावरील गिरण्या त्या काळी अमेरिकेतील अग्रगण्य समजल्या जात. तेथील मालकांनी ही पद्धत स्वीकारली तर इतर आपोआप अनुकरण करतील, असे एव्हान्स बंधूंना वाटत होते. परंतु ते मालक फारसे उत्सुक नव्हते. त्यांच्यापैकी काहीजण रेड क्ले क्रीकवर पाहणीसाठी आले, तेव्हा एव्हान्स शेतात गवत कापण्याच्या कामात होते आणि गिरणी एकटीच चालू होती. हे दृश्य त्यांच्या मनावर ठसेल, अशी एव्हान्स यांची अपेक्षा होती. पाहुण्यांनी मात्र ही खडखडणारी खेळणी म्हणून तिची संभावना केली. चालू धंद्यात नफा होत असताना मोडतोड करून नवी यंत्रे बसवण्याची जोखीम त्यांना नको होती.

पहिला मोठा पाठिंबा मेरीलँडमधून मिळाला. बाल्टिमोरजवळ पटॅप्स्को नदीकाठी गिरण्या चालवणाऱ्या एलिकॉट कुटुंबाने एव्हान्स यांची यंत्रे बसवली. मजुरीत झालेली बचत आणि पिठाचा सुधारलेला दर्जा पाहून इतरांचा विरोध हळूहळू मावळला आणि अखेर ब्रँडीवाइनच्या गिरण्यांनीही तीच पद्धत स्वीकारली. १७९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्या माउंट व्हर्नन येथील गिरणीत ही यंत्रे बसवून घेतली.

पेटंट आणि ग्रंथ

संघीय पेटंट कायदा होण्यापूर्वी अशा हक्कांसाठी प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागे. एव्हान्स यांनी गिरणीची यंत्रे आणि वाफेवर चालणारी गाडी या दोहोंसाठी अर्ज केले. पेनसिल्व्हेनियाने १७८७ मध्ये गिरणीबाबतचा हक्क दिला, पण वाफेच्या गाडीची कल्पना विचारात घेतली नाही. मेरीलँडने दोन्ही हक्क दिले. गाडी चालली नाही तरी त्यात कोणाचे नुकसान नाही, असा तेथे विचार झाल्याचे सांगितले जाते. १७९० मध्ये संघीय कायदा झाल्यावर १८ डिसेंबर १७९० रोजी त्यांना पीठ तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट चौदा वर्षांसाठी मिळाले.

१७९०च्या दशकाच्या आरंभी एव्हान्स फिलाडेल्फियात स्थायिक झाले. तेथे ते गिरण्यांना लागणारे दगड, चाळणीचे कापड आणि इतर सामान विकत. १७९५ मध्ये त्यांनी द यंग मिल-राइट अँड मिलर्स गाइड हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या आगाऊ वर्गणीदारांत वॉशिंग्टन आणि टॉमस जेफरसन यांचा समावेश होता. यंत्रशास्त्राची मूलतत्त्वे, पाण्याच्या शक्तीचे गणित, स्मीटन यांचे प्रयोग, दातेरी चाकांची मापे, दगडांना टाकी लावण्याची पद्धत आणि एव्हान्स यांच्या यंत्रांचे आकृत्यांसह वर्णन असा त्याचा विस्तृत आवाका होता. व्यापारी गिरणीच्या बांधणीवरील भाग टॉमस एलिकॉट यांनी लिहिला. तोपर्यंत गिरणी बांधण्याची विद्या मुख्यतः गुरूकडून शिष्याकडे तोंडी जात असे. या ग्रंथाने ती सर्वांसाठी खुली केली. १८६० पर्यंत त्याच्या पंधरा आवृत्त्या निघाल्या. फ्रेंच भाषेतही त्याचे भाषांतर झाले.

वाफेचे इंजिन

वाफेविषयीचे तरुणपणीचे आकर्षण एव्हान्स यांनी फिलाडेल्फियात प्रत्यक्षात आणले. जेम्स वॉट यांच्या इंजिनात वाफेचा दाब कमी असे आणि वाफ थंड करून निर्माण होणाऱ्या पोकळीचा उपयोग केला जाई. त्यामुळे ते इंजिन अवजड आणि महाग होते. एव्हान्स यांनी वाफेचा दाब वाढवून इंजिन लहान व सुटसुटीत केले. इंग्लंडमध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिक त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच दिशेने काम करत होते. एव्हान्स यांच्या पहिल्या यशस्वी इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६ इंच आणि दट्ट्याची धाव १८ इंच होती. त्यावर ते जिप्सम दळत आणि संगमरवर कापत.

१८०५ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या आरोग्य मंडळासाठी गोदीतील गाळ काढणारे वाफेचे यंत्र बांधले आणि त्याला ओरुक्टर अ‍ॅम्फिबोलोस असे नाव दिले. सुमारे १५ टन वजनाचे हे यंत्र चाकांवर बसवून त्यांनी शहरातील सेंटर स्क्वेअर येथे लोकांसमोर चालवले आणि नंतर नदीत उतरवले. गाळ काढण्याच्या कामी ते फारसे उपयोगी ठरले नाही आणि रस्त्यावर ते स्वतःच्या बळावर कितपत चालले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तरीही अमेरिकेत जमिनीवर आणि पाण्यात वाफेच्या बळाने वाहन चालवण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याचा उल्लेख होतो. त्याच वर्षी त्यांनी वाफेच्या इंजिनावर दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला. द्रवाचे बंदिस्त चक्रात बाष्पीभवन घडवून बर्फ तयार करण्याची कल्पनाही त्यात मांडलेली आहे. प्रत्यक्षात असे शीतकरण यंत्र जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये साकारले.

पुढे एव्हान्स यांनी फिलाडेल्फियात मार्स वर्क्स हा ओतकामाचा व यंत्रनिर्मितीचा कारखाना काढला. त्यांचे पुत्र जॉर्ज यांनी १८११ च्या सुमारास पिट्सबर्ग येथे शाखा सुरू केली. उच्च दाबाची इंजिने लाकूड कापण्याच्या कारखान्यांत, पिठाच्या गिरण्यांत आणि बोटींत वापरली जाऊ लागली. जेथे ओढ्याला पुरेसा उतार नाही किंवा उन्हाळ्यात पाणी आटते, तेथेही गिरणी चालवणे त्यामुळे शक्य झाले. १८१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट पाणीपुरवठा केंद्रात त्यांचे इंजिन बसवण्यात आले.

पेटंटविषयक वाद

गिरणीच्या पेटंटची मुदत १८०४ च्या अखेरीस संपली. यंत्रे सर्वत्र पसरली होती, परंतु अनेक गिरणीवाले शुल्क न देताच ती वापरत होते. १८०७ मध्ये संघीय सर्किट न्यायालयाने, पेटंटच्या मजकुरात कायद्याने आवश्यक असलेला तपशील नाही या कारणावरून, मूळ पेटंटच अवैध ठरवले. एव्हान्स यांनी काँग्रेसकडे दाद मागितली. जानेवारी १८०८ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा मंजूर झाला आणि राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या स्वाक्षरीने त्यांना आणखी चौदा वर्षांचा हक्क मिळाला.

या कायद्याने वाद मिटण्याऐवजी वाढला. जुने पेटंट संपल्यानंतर आणि नवे मिळण्यापूर्वीच्या काळात अनेकांनी ही यंत्रे मुक्त समजून बसवली होती. एव्हान्स यांनी त्यांच्याकडेही शुल्क मागितले आणि दरही वाढवले. नकार देणाऱ्यांवर त्यांनी खटले भरले. गिरणीवाल्यांच्या दृष्टीने हा अन्याय होता. एव्हान्स यांच्या दृष्टीने, ज्यांनी त्यांच्या कल्पनेवर संपत्ती मिळवली त्यांच्याकडून ते आपला वाटा मागत होते. न्यायालयीन विरोधाने खचून त्यांनी १८०९ मध्ये आपल्या अनेक अप्रसिद्ध आविष्कारांची टिपणे व आकृत्या कुटुंबीयांसमोर जाळून टाकल्या, अशी नोंद चरित्रांत आढळते.

बाल्टिमोर परिसरातील गिरणीवाल्यांच्या बाजूने आयझॅक मॅकफर्सन यांनी जेफरसन यांचे मत मागितले. १३ ऑगस्ट १८१३ च्या उत्तरात जेफरसन यांनी एव्हान्स यांच्या दाव्याची तपासणी केली. डब्यांची माळ पाणी उपसण्यासाठी पूर्वेकडील देशांत प्राचीन काळापासून वापरली जाते आणि मळसूत्रही तितकेच जुने आहे. पाण्याऐवजी धान्य उचलल्याने ते नवे यंत्र ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कल्पनांवरील मालकीहक्क निसर्गदत्त नसून समाजाने उपयुक्ततेसाठी दिलेला असतो, हा विचारही त्यांनी याच पत्रात मांडला. बौद्धिक संपदेविषयीच्या चर्चांत या पत्राचा आजही आधार घेतला जातो. जेफरसन यांनी स्वतःच्या गिरणीत ही यंत्रे दोन पेटंटांच्या मधल्या काळातच बसवली होती, तरीही एव्हान्स यांनी मागणी केल्यावर जुन्या दराने शुल्क भरले होते.

एव्हान्स यांची बाजू वेगळी होती. डबे, पट्टे आणि मळसूत्रे जुनी आहेत, हे त्यांनी नाकारले नाही. ती सर्व एका प्रवाहात गुंफून दळण्याची संपूर्ण प्रक्रिया स्वयंचलित करणे, हा आपला आविष्कार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १८१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एव्हान्स विरुद्ध जॉर्डन या खटल्यात मधल्या काळात यंत्रे बसवणाऱ्यांनाही नव्या कायद्यानंतरच्या वापरासाठी सूट नाही, असा निर्णय दिला. १८१८ मध्ये एव्हान्स विरुद्ध ईटन या खटल्यातही निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठवले गेले. हेच प्रकरण १८२२ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आले. हॉपर-बॉयमध्ये आधीपासून काय होते आणि एव्हान्स यांनी नेमकी कोणती सुधारणा केली, हे पेटंटमध्ये वेगळे दाखवलेले नाही, या कारणावरून त्या वेळी निकाल विरुद्ध गेला. तोपर्यंत एव्हान्स यांचे निधन होऊन तीन वर्षे झाली होती आणि पेटंटची मुदतही संपली होती. अर्जदाराने आपली सुधारणा पूर्वीच्या ज्ञानापासून स्पष्टपणे वेगळी करून दाखवली पाहिजे, हे तत्त्व मात्र या निकालाने पेटंट कायद्यात दृढ केले.

अखेरचे दिवस

१८१६ मध्ये सॅरा यांचे निधन झाले. १८१८ मध्ये एव्हान्स यांनी न्यूयॉर्कच्या हेटी वॉर्ड यांच्याशी दुसरा विवाह केला. १८१९ च्या वसंतात न्यूयॉर्क येथे असताना त्यांना फुफ्फुसांचा दाह झाला. ते आजारी असतानाच ११ एप्रिल रोजी फिलाडेल्फियातील मार्स वर्क्सला आग लागून कारखान्याचे मोठे नुकसान झाले. ही आग एका नाराज उमेदवाराने लावल्याचे सांगितले जाते. बातमी एव्हान्स यांच्यापर्यंत पोहोचली आणि चार दिवसांनी, १५ एप्रिल १८१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन न्यूयॉर्कमध्ये झाले. नंतर अवशेष अन्यत्र हलवण्यात आले.

वारसा

एव्हान्स यांची पद्धत सुमारे शतकभर अमेरिकेतील व्यापारी गिरण्यांची प्रमाण पद्धत राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दळणाऱ्या दगडांची जागा पोलादी रुळांनी घेतली आणि पाण्याची जागा वाफेने व नंतर विजेने घेतली. तरीही धान्य व पीठ यंत्राने चढवण्याची आणि सरकवण्याची त्यांची व्यवस्था टिकून राहिली. १८४२ मध्ये जोसेफ डार्ट यांनी बफेलो बंदरात जहाजांतून धान्य उतरवण्यासाठी वाफेवर चालणारे कोठार उभारले, तेव्हा त्यांनी एव्हान्स यांच्याच एलेव्हेटरचा आधार घेतला. आजच्या धान्य कोठारांतील उभे वाहक आणि मळसूत्री वाहक त्याच तत्त्वावर चालतात.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात एव्हान्स यांच्या गिरणीकडे विसाव्या शतकातील जुळणीसाखळीची पूर्वसूरी म्हणून पाहिले जाते. इतिहासकार सिगफ्रीड गिडियन यांनी १९४८ मधील मेकॅनायझेशन टेक्स कमांड या ग्रंथात त्यांच्या कार्याची विस्ताराने दखल घेतली. उत्पादनाचा वेग केवळ एखाद्या अवजाराच्या धारेवर नव्हे, तर दोन कामांच्या मध्ये माल किती वेळ अडून राहतो यावर अवलंबून असतो, ही दृष्टी त्यांच्या रचनेतून पुढे आली. माउंट व्हर्नन येथील पुनर्बांधणी केलेली गिरणी, वॉशिंग्टन डी. सी. मधील पीअर्स मिल आणि व्हर्जिनियातील कॉल्विन रन मिल येथे एव्हान्स यांच्या पद्धतीची यंत्रे आजही पाहता येतात.